शाळा व्यवस्थापन समिती

प्राथमिक शाळेच्या कारभारावर गावाची देखरेख ठेवणारी वैधानिक समिती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) याच्या कलम २१ मध्ये तिची तरतूद आहे. किमान ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडतात; मुख्याध्यापक सचिव असतो. शाळेचे कामकाज पाहणे, विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची मुख्य कामे. मात्र सभा न घेता तिचे इतिवृत्त घरोघरी फिरवून सह्या घेतल्या, तर समिती कागदावरच राहते. हजेरीपट उघडून पाहणारी, शाळेच्या मध्यान्ह भोजनातली खिचडी चाखणारी आई हीच खरी देखरेख. पालकांनी सभेला जावे, हिशेब मागावा.