दमनकाची शिक्षा

दूरचित्रवाणीवरील बाहुल्यांचा राजकीय विनोद आपण पाश्चात्त्यांकडून घेतला, यात लाजण्याजोगे काही नाही. पाहावयाचे ते एवढेच, की घेताना आपण काय सोडले. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकात ‘बेबेत शो’ या कार्यक्रमात राष्ट्राध्यक्ष मितराँ बेडकाच्या रूपाने बोलत. १९८८ मध्ये तेथेच ‘गिन्योल’ आले. त्यांचे चेहरे माणसांचे. २००३ साली दिल्लीत सुरू झालेल्या एनडीटीव्ही इंडिया वाहिनीवरील ‘गुस्ताखी माफ’ने हा दुसरा घाट पत्करला. असल्या विनोदात हसू येते ते सादृश्याचे. नेता मागे पडला, की त्याच्या बाहुलीचेही बोलणे संपते.

वस्तुतः पशूंच्या तोंडून राजसभा बोलती करण्याची विद्या आपली. पंचतंत्रातील दमनक सिंह आणि बैल यांची मैत्री फोडतो, बैल मारला जातो, आणि हा कोल्हा मंत्री म्हणून सुखेनैव नांदतो. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ही कथा अरबीत उतरविली, तेव्हा दिम्नावर खटला चालवून त्याला देहदंड देणारे एक प्रकरण तीत जोडले गेले. मुळात ते नाही. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास ही भर फार बोलकी वाटते: कोल्ह्याचे यश अनुवादकाला सोसवले नाही. आपण दमनकाला बालवाचनमालेत धाडले. तेथे त्याचा असा संताप कोणास येणार? त्याला कोणा एकाचा चेहरा नाही. सरकार पालटले, तरी त्याची बाहुली बदलावी लागली नसती.