जुन्या टीव्हीला नवा लॅपटॉप कसा जोडायचा? वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी माहिती

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला मालवणकडे जाणारा रस्ता फुटतो. या परिसरातल्या वाड्यांत काम करताना जाड पाठीचे, काचेच्या नळीचे जुने टीव्ही आम्हाला आजही दिसतात. मुंबईतल्या चाकरमान्याने नवा सपाट टीव्ही घेतला की जुना गावाला येतो. आमच्या अभ्यासिकेतला टीव्हीही असाच आलेला आहे. लॅपटॉप देणगीतून मिळाला. दोन्ही वस्तू एकाच खोलीत होत्या, पण त्यांना एकमेकांशी जोडता येईल हे आमच्या बरेच दिवस लक्षातच आले नव्हते.

तोपर्यंत लॅपटॉपच्या लहान पडद्याभोवती पंधरा-वीस मुले दाटीवाटीने बसत. पुढे मोठे मुलगे, मागे लहान मुले आणि मुली. एकदा मागून आवाज आला, "ताई, माका अक्षरां दिसणत नाय." पडदा लहान असला की पुढे कोण बसणार हे आधीच ठरलेले असते, हे त्या दिवशी आम्हाला नीट कळले. नवा मोठा टीव्ही घ्यायचा तर वर्गणी काढावी लागणार होती, आणि ती रोजंदारीवर जगणाऱ्या घरांकडूनच मागावी लागली असती. म्हणून आधी आहे त्या टीव्हीवर काय होते ते पाहू, असे ठरले. त्यातून जे शिकलो ते इतर गावांतल्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

अडचण नेमकी कुठे आहे?

आजच्या लॅपटॉपमधून चित्र आणि आवाज बाहेर पडतो तो एचडीएमआय नावाच्या चपट्या खाचेतून. हे तंत्र २००२ साली आले. त्यातून जाणारा संदेश डिजिटल, म्हणजे आकड्यांच्या रूपातला असतो. जुन्या टीव्हीला हे आकडे समजत नाहीत. त्याला विजेच्या दाबातला सलग चढउतार लागतो, म्हणजे अ‍ॅनालॉग संदेश. हा संदेश पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांतून जातो. पिवळी पीन चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची आणि लाल उजव्या बाजूच्या आवाजाची. डिशचा किंवा केबलचा सेट टॉप बॉक्स जुन्या टीव्हीला जोडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पिना ओळखीच्या असतील.

टीव्हीला चित्र कसे हवे याचेही ठरलेले माप आहे. भारतात रंगीत प्रसारण १९८२ साली सुरू झाले आणि त्यासाठी 'पाल' ही पद्धत स्वीकारली गेली. पालमध्ये एका चित्रात ६२५ ओळी असतात, त्यांपैकी ५७६ ओळींत चित्र असते आणि सेकंदाला २५ चित्रे येतात. अमेरिकेतली 'एनटीएससी' पद्धत वेगळी आहे. तिच्यात ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे असतात. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

काय विकत आणायचे?

या दोघांमध्ये दुभाष्याचे काम करणारी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते. तिला 'एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर' म्हणतात. साधी डबी पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. सोबत एक एचडीएमआय केबल आणि तीन पिनांची एक केबल लागते. खरेदी करताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट दिशा. दिसायला अगदी अशीच, पण उलट काम करणारी 'एव्ही टू एचडीएमआय' डबीही बाजारात असते. ती जुन्या यंत्राचे चित्र नव्या टीव्हीवर नेते. आम्ही पहिल्यांदा हीच डबी घेऊन आलो होतो. दोन संध्याकाळ पिना काढून घालून पाहिल्या आणि टीव्हीच बिघडला असे समजून बसलो. डबीवर एचडीएमआयच्या खाचेजवळ 'इनपुट' आणि तीन रंगांच्या खाचांजवळ 'आउटपुट' लिहिलेले असले पाहिजे.

दुसरी गोष्ट, नुसती केबल चालत नाही. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली स्वस्त केबल मिळते. तिच्यात भाषांतर करणारे सर्किट नसते, म्हणून आपल्या कामासाठी तिचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, डबीवर पाल आणि एनटीएससी निवडण्याचे छोटे बटण असावे.

चौथी गोष्ट लॅपटॉपची खाच. एचडीएमआय नसेल आणि टाइप-सी असेल, तर त्या खाचेतून चित्र बाहेर पडते की नाही हे आधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहावे. काही टाइप-सी खाचा फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात. स्वस्त मोबाइलच्या बाबतीत तर बहुतेक वेळा हेच असते. लॅपटॉप फार जुना असेल आणि त्याला निळी, पंधरा छिद्रांची व्हीजीए खाच असेल, तर त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएमधून आवाज येत नाही. तो हेडफोनच्या खाचेतून वेगळ्या केबलने न्यावा लागतो.

जोडणी

१. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही बंद करा.

२. लॅपटॉपपासून डबीपर्यंत एचडीएमआय केबल लावा.

३. डबीपासून टीव्हीपर्यंत रंगाला रंग जुळवून पिना लावा. टीव्हीला पिवळी आणि पांढरी अशा दोनच खाचा असतील तर लाल पीन मोकळी सोडा. हिरवी-निळी-लाल अशी वेगळी रांग असेल तर ती या कामाची नाही.

४. डबीला यूएसबी केबलने ५ व्होल्टची वीज द्या. मोबाइलचा चार्जर किंवा लॅपटॉपची यूएसबी खाच चालते.

५. डबीवरचे बटण 'पाल'वर ठेवा.

६. टीव्ही सुरू करून रिमोटवरचे 'एव्ही' बटण दाबा. रिमोट हरवला असेल तर टीव्हीच्या पुढच्या पट्टीवर ते बटण शोधा.

७. लॅपटॉप सुरू करा. विंडोज असेल तर विंडोजचे बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. दोन्हीकडे एकच चित्र दिसेल.

८. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडा. टीव्हीला आवाजाची एकच खाच असेल तर विंडोजमधला 'मोनो ऑडिओ' सुरू करा, नाहीतर उजव्या बाजूचा आवाज गळतो.

टीव्ही इतका जुना असेल की त्याला तीन रंगांच्या खाचाच नाहीत, फक्त अँटेनाची खाच आहे, तर 'आरएफ मॉड्युलेटर' लागतो. तो विकत घेण्याआधी गावात कोणाच्या माळ्यावर जुना व्हीसीआर पडला आहे का ते विचारा. पिना व्हीसीआरच्या 'इन' खाचांत लावायच्या, व्हीसीआरची अँटेना केबल टीव्हीला जोडायची आणि व्हीसीआरसाठी जे चॅनेल ठेवतात ते लावायचे. मॉड्युलेटरचे काम व्हीसीआरच करतो.

चित्र नीट आले नाही तर

चित्र काळेपांढरे दिसते किंवा वरखाली सरकत राहते: डबीचे बटण 'एनटीएससी'वर आहे. आमचे चित्र दोन दिवस काळेपांढरे होते, त्याचे कारण एवढेच. टीव्हीच्या मेनूमध्ये रंगपद्धत 'ऑटो' किंवा 'पाल' ठेवा.

निळा किंवा काळा पडदा, काहीच नाही: डबीचा दिवा लागला आहे का पाहा. नसेल तर यूएसबीची वीज पोहोचत नाही. दिवा लागला असेल तर टीव्हीला एकापेक्षा जास्त एव्ही आहेत का पाहा आणि दुसरा लावून बघा.

बाकी सगळे दिसते, पण पैसे भरून पाहायच्या अ‍ॅपवरचा चित्रपट काळा दिसतो: अशा चित्रपटांना नकलेपासून संरक्षणाचे कुलूप असते आणि साध्या डब्यांना ते उघडता येत नाही. दोष तुमच्या जोडणीत नाही.

माणसे उंच आणि बारीक दिसतात: लॅपटॉपचे चित्र १६:९ या प्रमाणात रुंद असते आणि टीव्ही ४:३ चा असतो. डबी रुंद चित्र दाबून टीव्हीत बसवते. टीव्हीच्या मेनूमध्ये '१६:९' असेल तर ते निवडा. नसेल तर लॅपटॉपचे रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ करून पाहा. काही डब्या ते स्वीकारतात. पडद्यावर एक वर्तुळ काढा. ते अंड्यासारखे दिसेनासे झाले की मोजमाप बरोबर आले असे समजा.

कडा कापल्या जातात: जुन्या नळीच्या टीव्हीची ही मूळची सवय आहे. चारही बाजूंनी थोडे चित्र काचेच्या चौकटीआड जाते. महत्त्वाचा मजकूर मधल्या भागात ठेवा.

डबी ओळी वाढवत नाही

जोडणी झाल्यावर आम्हाला वाटले की काम संपले. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडली, तर पडद्यावर राखाडी मुंग्या दिसाव्यात तशी अक्षरे. लॅपटॉपच्या पडद्यावर साधारणपणे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके असतात. पालचे चित्र ठिपक्यांत मोजले तर ते ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार भरते. पाच ठिपक्यांतले चार वाटेतच जातात. शिवाय उजेड आणि रंग एकाच पिवळ्या तारेतून येत असल्यामुळे रंगांच्या कडा एकमेकांत मिसळतात. महागडी डबी आणली तरी ही मर्यादा जात नाही.

त्यामुळे काय दाखवायचे हे टीव्ही पाहून ठरवावे लागते. हलते चित्र या टीव्हीवर छान दिसते. डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट, विज्ञानाचे प्रयोग, भूगोलाचे व्हिडिओ, भाषणांची ध्वनिचित्रफीत यांना अडचण येत नाही. कोरोनाच्या काळात, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका मुलांनी टीव्हीवरच पाहिली होती. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथेही टीव्हीवरून शाळा पोहोचू शकत होती. याउलट, महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडाचे अख्खे पान या पडद्यावर वाचता येत नाही. ते छापूनच वाटावे.

मजकूर दाखवायचाच असेल तर आम्ही हे नियम पाळतो:

एका पडद्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि रफार असतात. अक्षर लहान झाले की आधी ते नाहीसे होतात आणि 'दिन'चा 'दीन' होतो.

अक्षर ठळक घ्यावे. गडद निळ्यावर पांढरे किंवा फिकट पिवळे चांगले दिसते. निळ्यावर लाल किंवा हिरव्यावर लाल अजिबात नको.

तक्त्याच्या बारीक आडव्या रेषा टाळाव्यात. जुना टीव्ही चित्र एकाआड एक ओळी सोडून काढतो, त्यामुळे बारीक रेषा लुकलुकते आणि डोळे दुखतात.

पीडीएफ दाखवताना एका वेळी एकच परिच्छेद मोठा करून दाखवावा.

आणि शेवटची तपासणी: वर्ग सुरू होण्याआधी आपण स्वतः सगळ्यात मागे जाऊन बसावे आणि पडद्यावरचे मोठ्याने वाचावे. आपल्याला वाचता आले नाही तर तो मजकूर बदलावा.

जपून हाताळा

नळीच्या टीव्हीत, विशेषतः रंगीत टीव्हीत, वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. मागचे झाकण घरी कधीही उघडू नये. पिनांना हात लावताना झिणझिण्या आल्या तर जोडणी थांबवून वायरमनला बोलवावे. कोकणातल्या पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावे. दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. वीज बंद करून कोरड्या कापडाने त्या अधूनमधून पुसाव्यात.

टीव्ही खरोखरच गेला तर तो फोडू नये आणि परड्यात टाकून देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा टीव्ही संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा.

एकाच माणसावर काम अडू नये

सुरुवातीला आमच्या अभ्यासिकेत ही जोडणी एकाच कार्यकर्त्याला येत होती. तो कुडाळला कामाला गेला की त्या दिवशी टीव्ही बंद. मग आम्ही जोडणीच्या आठ पायऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीच्या बाजूला लावल्या, आणि आठवीतल्या दोन मुलींकडून ते काम दहा वेळा करून घेतले. आता संध्याकाळी त्याच पिना लावतात, त्याच मागे जाऊन वाचून पाहतात आणि वर्ग सुरू करायला सांगतात. ज्या गावात ही डबी आणाल तिथे पहिल्याच आठवड्यात किमान दोघांना, आणि त्यांत मुलींना, हे शिकवा. डबी बिघडली तर दुसरी आणता येते. जोडणी कोणालाच येत नसेल, तर लॅपटॉप आणि टीव्ही पुन्हा एकाच खोलीत नुसते पडून राहतील.