पाचरीचा सांधा आणि न खपलेली घरं

कारखान्यात घर तयार करून ट्रकने प्लॉटवर पोचवायचं, हे स्वप्न विसाव्या शतकात अनेक वास्तुकारांनी पाहिलं. त्यासाठी कॉनराड वाक्समानइतकं कुणीच झिजलं नसेल. जर्मनीत ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्टला १९०१ साली जन्मलेला हा माणूस आधी सुतारकाम शिकला आणि मग वास्तुकलेकडे वळला. त्याच्या कारकिर्दीवर एक शेरा कायमचा चिकटला आहे: सांधा निर्दोष करण्याच्या नादात त्याने घरं विकण्याची वेळ घालवली. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. त्याचं अमेरिकेतलं अपयश रेखाटनाच्या टेबलावर ठरलं नव्हतं. ते जमीन, कर्ज आणि विक्री यांच्या व्यवहारात ठरलं.

पहिला पुरावा त्याच्या तरुणपणातला आहे. १९२६ ते १९२९ या काळात तो नीस्की गावच्या ‘क्रिस्टोफ उंड उनमाक’ या कंपनीचा मुख्य वास्तुकार होता. लाकडी बराकी आणि घरं कारखान्यात करून विकण्यात ही कंपनी मुरलेली होती. तिथे वाक्समानच्या घरांना गिऱ्हाईक मिळालं. इतकंच नव्हे तर १९२९ साली कापुटला बांधलेलं आइनस्टाइनचं उन्हाळी घरही त्याचंच. बारकाव्यांचा त्याचा हट्ट तेव्हाही तेवढाच होता, पण माल खपवायची यंत्रणा आधीपासून उभी होती.

नाझी राजवटीमुळे परागंदा झालेला वाक्समान १९४१ साली आइनस्टाइनच्या मदतीने अमेरिकेत पोचला आणि वास्तुकार वॉल्टर ग्रोपियसच्या घरी राहू लागला. कारखान्यातल्या घरांची योजना ग्रोपियसने १९१० सालीच जर्मनीतल्या एका बड्या उद्योगापुढे मांडली होती, तेव्हा दोघांचं जमणं साहजिक होतं. त्यांच्या ‘पॅकेज्ड हाउस’चा जीव होता सांध्यात. लाकडी चौकटींच्या कडा ४५ अंशांत तासलेल्या, आत आकड्यांसारख्या पोलादी पट्ट्या बसवलेल्या. चौकटी एकमेकींना भिडवायच्या, आकडे अडकवायचे आणि वरून पाचर ठोकायची. खिळा नाही, स्क्रू नाही. भिंत, जमीन, छप्पर, सगळीकडे तोच सांधा. दोन, तीन किंवा चार चौकटी, आडव्या असोत वा उभ्या, एकाच ठिकाणी मिळतात. अकुशल मजुरांनीही दिवसभरात घर उभं करावं, असा हिशेब होता. सुताराच्या हातात घडलेल्या बुद्धीलाच हे सुचू शकतं.

पुढे या घरांसाठी काढलेल्या ‘जनरल पॅनेल’ कंपनीने कॅलिफोर्नियात बरबँकला कारखाना थाटला. वर्षाला १०,००० घरांचं लक्ष्य होतं; प्रत्यक्षात २०० सुद्धा झाली नाहीत आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सगळं गुंडाळावं लागलं. टीकाकार म्हणतात, वाक्समान सुधारणा करत बसला आणि युद्धकाळातल्या सरकारी घरबांधणीचा पैसा हातचा गेला. यात तथ्य आहे. ती दिरंगाई महागात पडली. पण युद्धानंतर घरांची टंचाई प्रचंड होती, कारखानाही सज्ज होता. अडलं ते दुसरीकडे. बँका बांधकाम चढेल तसं टप्प्याटप्प्याने कर्ज देत, आणि कारखान्याचा बहुतेक खर्च घर प्लॉटवर पोचण्याआधीच झालेला असे. त्यात बांधकामाचे नियम गावोगाव वेगळे. एनॅमल चढवलेल्या पोलादी पत्र्यांची घरं करणाऱ्या ‘लस्ट्रॉन’ची गत हेच सांगते. तिथे सांध्याने झपाटलेला वास्तुकार नव्हता, सरकारी कर्ज ३ कोटी डॉलरांहून जास्त होतं, तरी १९४८ ते १९५० या काळात सुमारे २,५०० घरं करून ही कंपनी बुडाली.

लोकांना आधुनिक वळणाची घरं नकोच होती, हा दुसरा आक्षेपही इथे टिकत नाही. लस्ट्रॉनचं घर दिसायला नेहमीचा उतरत्या छपराचा बंगलाच होतं. याच वर्षांत लेव्हिट बंधूंनी न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर १७,००० हून जास्त घरं उभारली आणि विकली. त्यांच्याकडे कसला अपूर्व सांधा नव्हता. बटाट्याची शेतं त्यांनी स्वतः विकत घेतली, लाकूड आपल्याच गिरणीत कापलं, सरकारी हमीच्या कर्जाची सोय गिऱ्हाइकाला दारातच करून दिली आणि मजुरांच्या टोळ्या एकेका ठरलेल्या कामासाठी या प्लॉटवरून त्या प्लॉटवर फिरवल्या. जनरल पॅनेलकडे यातली ना जमीन होती ना कर्जाची सोय. ती उभी करणं भांडवल घालणाऱ्यांचं काम होतं. त्यासाठी सांध्याला दोष देता येणार नाही.