पुतळा कोणाचा, हे कोण ठरवतं?

"पुतळ्यांनी पोट भरतं का?" हा प्रश्न आंबेडकरी कार्यकर्त्याला हमखास विचारला जातो. ज्यांचे महापुरुष आधीच चौकाचौकांत उभे आहेत, त्यांना मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आधी दुसरा प्रश्न विचारू. चौकात कोण उभं राहणार, हे ठरवण्याची खुर्ची कोणाकडे असते?

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. नव्या राज्याची चिन्हं ठरवण्यासाठी सरकारने १९२० साली एक स्वतंत्र कार्यालयच उघडलं आणि एडविन रेड्सलोब या कला-इतिहासकाराला तिथे नेमलं. राजचिन्हातला गरुड, टपाल तिकिटं, नाणी, संविधान दिनाचे सोहळे अशा गोष्टी या कार्यालयाच्या कक्षेत येत.

त्याच काळात पुण्यात असं कार्यालय नव्हतं, पण हा अधिकार गाजवणारे होतेच. नगरपालिकेतलं बहुमत, देणगीदार संस्थानिक आणि इंग्रज सरकार हे तिघे मिळून शहराची स्मृती घडवत होते.

सलग घटना पाहा. १९२१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने शिवस्मारकाची पायाभरणी झाली, तीही इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते. १९२४ मध्ये मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला मोतीलाल नेहरू आले. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याची मागणी केली. टिळकपंथीयांनी तिला कडाडून विरोध केला आणि पुतळा झाला नाही. १८७६ पासून काही वर्षं जोतीराव याच नगरपालिकेचे सभासद होते, तरीही! पुढे १९२८ मध्ये शिल्पकार करमरकरांनी घडवलेल्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी केलं.

म्हणजे शिवरायांच्या मागे संस्थानिक आणि सरकार होतं, टिळकांच्या मागे सभागृह होतं. फुल्यांच्या मागे होता तो मताधिकाराच्या मालमत्तेच्या आणि कराच्या अटींमुळे सभागृहाबाहेर राहिलेला समाज. कर सगळ्यांचा, चौक मात्र मोजक्यांचा. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असं म्हटलं होतं. तेच तत्त्व सार्वजनिक स्मृतीला का लागू नये?

या वादातूनच दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' आलं. टिळक आणि चिपळूणकरांवरच्या जहाल टीकेबद्दल खटला भरला गेला, जवळकर-जेध्यांना शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि १९२६ मध्ये ते सुटले.

लगेच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी गेले. तो स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला होता. पण त्यावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांकडे बोट दाखवून बाबासाहेबांनी त्याचा अर्थ पालटला. कोणत्या कार्यालयाची परवानगी नाही, कोणता ठराव नाही. सरकारचा दगड समाजाचा झाला.

जर्मनीत नेमकं उलट घडलं. कार्यालय होतं, चिन्हं होती. पण प्रजासत्ताकाचा ध्वजसुद्धा सगळ्या समाजाने कधी आपला मानला नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, रेड्सलोब घरी गेले, कार्यालय बंद पडलं. समाज नसलेलं चिन्ह एका फटक्यात पुसलं जातं आणि खुर्ची नसलेला समाज चौकाबाहेर राहतो.

बाबासाहेबांनी दोन्ही साधलं. कोरेगावला ते समाजासोबत उभे होते. १९४७ मध्ये ते राष्ट्रध्वज ठरवणाऱ्या समितीत बसले. आज तिरंग्यावर अशोकचक्र आहे आणि राजमुद्रेवर सारनाथचे सिंह आहेत. ही बौद्ध वारशाची खूण प्रत्येक सरकारी कागदावर उमटते.

म्हणून मित्रांनो, हार घालायला जरूर जा. पण नामकरणाचा आणि स्मारकाचा ठराव ज्या सभेत येतो, तिथेही जा. पुण्यातल्या त्याच मंडईला आज महात्मा फुल्यांचं नाव आहे. ते कोणी दान म्हणून दिलेलं नाही. १९२५ ला सभागृहात हरलेला समाज गप्प बसला असता, तर ही पाटी लागली नसती.

जय भीम!