निजलेल्या मुलीपुढची माफी

‘दमलेल्या बाबाची कहाणी’ हे संदीप खरे यांच्या शब्दांचे, सलील कुलकर्णी यांच्या संगीताचे गाणे पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पाळ्यांपुढे ठेवून वाचावे. ओळींचा आशय घेत हे भाष्य.

आरंभ : रडून झोपलेली मुलगी, माफी मागणारा बाप. ऐकणारी झोपली आहे, म्हणूनच बापाला बोलता येते. ‘तकदीर’ या हिंदी चित्रपटातल्या (१९६७) गाण्यात समुद्रापार गेलेल्या बापाला मुले हाक मारतात, इथे बोलणारा बापच आहे.

गर्दीतून प्रवास करणारा राजा. राजा म्हणजे बापच; साज जुन्या कहाणीचा, वाहन लोकल. पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डीला थांबते. चाकणला रेल्वेच नाही. तिथला राजा कंपनीच्या बसने जातो, नाहीतर नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमधून दुचाकीवर.

आज वेळेत येण्याचे वचन. हे वचन मोडते, पण देता तरी येते. ‘सेकंड’ला, म्हणजे दुपारच्या पाळीला, असलेला कामगार ते देऊच शकत नाही. मुले शाळेतून यायच्या सुमारास तो कामावर, परत येतो तेव्हा ती झोपलेली.

ऑफिसात एकेक दिवा विझतो. कारखान्यात दिवे विझत नाहीत, लाइन थांबत नाही. कंत्राटी कामगाराला ओटी (ओव्हरटाइम) नाकारणे परवडत नाही. टेल्को-बजाजपासून इथल्या पिढ्या या हिशेबात वाढल्या.

दुरून बघणारी आई. गाण्यात तिच्या वाट्याला ओझरता उल्लेख. पट्ट्यात मात्र घर तीच चालवते. बाप ‘नाईट’ची पाळी करून आला की पडदे ओढते, टीव्हीचा आवाज बंद करते आणि पोरांना दटावते, “हळू बोला रे, बाबा आत्ताच झोपलेत.”

पहिला दात, पहिले पाऊल. सर्वांत सच्च्या ओळी. बिऱ्हाड लातूर-बीडला ठेवून चाकणला खोली करून राहणाऱ्याला हे क्षण मोबाइलवरच भेटतात.

शेवटचे प्रश्न : मोठेपणी मुलीला बाप आठवेल का? उत्तर येत नाही, कारण मुलीला एकही ओळ दिलेली नाही. गाणे बापाच्या अपराधी मनाचे आहे, मुलीच्या वाढण्याचे नाही. ‘नाईट’च्या आठवड्यात तर मांडणीच उलटते: बाप घरात, पण झोपलेला, मूल जागे, आणि बापाला उठवायची मनाई. त्या मुलाच्या तोंडचे गाणे लिहायचे, तर त्यात माफी मागणारा कोणी नसेल. तक्रार असेल, आणि ती बापापेक्षा पाळीच्या तक्त्याविरुद्ध असेल.