ऑलिम्पियाड: लेनिनग्राडहून मानखुर्दला

आपल्या पंचांगात संवत्सर असते, तसे जुन्या ग्रीकांकडे ऑलिम्पियाड असे. ऑलिंपियाच्या दोन क्रीडामहोत्सवांमधली चार वर्षे म्हणजे एक ऑलिम्पियाड. मोजणी इसवीसनपूर्व 776 पासून. हा कालगणनेचा शब्द 1934 साली लेनिनग्राडमध्ये शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धेला चिकटला.

स्पर्धा मात्र शब्दाहून जुनी. भौतिकशास्त्रज्ञ लोरांड ओत्व्होश 1894 साली हंगेरीचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या गौरवार्थ तिथल्या गणित-भौतिकी मंडळाने शाळा संपवलेल्या मुलांसाठी परीक्षा सुरू केली. पुढे नावाजलेले शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान आणि एडवर्ड टेलर हे तिथलेच बक्षीसवाले.

पुढे देश एकमेकांसमोर बसले. 1959 साली रोमानियात गणितासाठी सात देश आले, 1967 साली वॉर्सात भौतिकशास्त्रासाठी पाच, 1968 साली प्रागमध्ये रसायनशास्त्रासाठी तीन. सगळे समाजवादी गोटातले आणि प्रत्येकाची भाषा वेगळी! त्यामुळे एक पद्धत पडली, ती आजही टिकून आहे: पेपर बहुधा आदल्या दिवशी संघप्रमुखांच्या हाती येतो आणि रात्र जागून ते आपापल्या मुलांच्या भाषेत त्याचे भाषांतर करतात. परीक्षा होईपर्यंत मुलांची आणि त्यांची भेट बंद.

भारत गणितात 1989 साली उतरला. विज्ञानात पहिली पाळी भौतिकशास्त्राची: 1998, रेक्याविक. मग 1999 साली बँकॉकला रसायनशास्त्र आणि 2000 साली तुर्कस्तानात अंताल्याला जीवशास्त्र. हे संघ घडतात मुंबईतल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली स्थापलेल्या या केंद्रातल्या शिबिरात प्रयोगशाळेला मोठा मान असतो, कारण भौतिकशास्त्राच्या स्पर्धेत 50 पैकी 20 गुण प्रयोगाचे. पाच तासांचा लेखी पेपर एका दिवशी, पाच तासांचा प्रयोग दुसऱ्या दिवशी. 2015 साली ही स्पर्धा मुंबईतच भरली.

मराठी पालकांच्या तोंडी मात्र ‘होमी भाभा’ म्हणजे बहुधा सहावी-नववीची बालवैज्ञानिक परीक्षा. ती वेगळी, बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ती घेते. विज्ञान ऑलिम्पियाडची पहिली पायरी म्हणजे नोव्हेंबरातली राष्ट्रीय परीक्षा, भौतिकशास्त्र शिक्षकांच्या भारतीय संघटनेची.

संघप्रमुख रात्र जागून करतात ते भाषांतर काही मुलांच्या रोजच्या जगण्यातच असते. सोलापूरजवळच्या कुंभारीत 2006 साली विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. इथे तेलुगू, मराठी, कन्नड एकाच गल्लीत ऐकू येतात. भाषांतराची सवय मुलांना शाळेआधीच लागते. इथून मानखुर्द गाठायचे तर रात्री सोलापुरात सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचे आणि कुर्ल्याला बदलून हार्बरची लोकल पकडायची.