बोटांचे ठसे आणि वॉल स्ट्रीटचे कारकून

सरकारी नोकराचे सेवापुस्तक उघडले की सुरुवातीलाच नाव, जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण आणि डाव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे असतात. शाईचे हे ठसे पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत सहसा कोणी पाहत नाही. आम्ही सरकारी नोकरांनी ते दिले, तेव्हा आपल्यावर कोणी संशय घेत आहे असे आमच्या मनातही आले नाही. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील नोकरांना मात्र १९६९ साली तसे वाटले आणि त्यांच्यापैकी काही जण कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे होते असे आम्हांला वाटत नाही. पण ते समजायचे तर थोडे मागे जावे लागते, आणि ही वाट आपल्याच देशातून निघते.

सहीच्या जागी निशाणी करण्याची रीत मराठी कागदांत जुनी आहे. पाटील नांगराची निशाणी करी, शेटे तराजूची, बलुतेदार आपापल्या हत्याराची. त्यात कमीपणा नव्हता, उलट ती वतनाची खूण होती. अंगठ्याच्या नशिबी हा मान आला नाही. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो, ते सर्वांना माहीत आहे.

जुलै १८५८ मध्ये बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि त्या कागदावर कोनाईच्या हाताचा ठसा घेतला. पुढे त्याने ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणून हात झटकू नयेत, एवढाच हेतू. हर्शेलला मग या रेषांचा नादच लागला. १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने पेन्शनरांचे आणि दस्त नोंदवायला येणाऱ्यांचे ठसे घेणे सुरू केले. पेन्शनर मरून जाई आणि भलताच कोणी त्याच्या नावाने पैसे उचली, त्याला आळा बसावा म्हणून. म्हणजे कोनाईही चोर नव्हता आणि ते पेन्शनरही नव्हते. ठसा घेतला तो माणूस तोच आहे हे दप्तरात राहावे म्हणून.

चोराशी त्याचे नाते घट्ट झाले ते नंतर. १८९७ मध्ये कलकत्त्यात पोलिसांचे ठसेघर उघडले. हजारो कार्डांच्या ढिगातून नेमके एक कार्ड कसे शोधायचे, हा तिथला खरा प्रश्न होता. तो सोडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी कर्मचाऱ्यांच्या बुद्धीचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे पडले. (कचेरीत काम केलेल्यांना याचे नवल वाटू नये.) १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली आणि बोटाला शाई लागणे म्हणजे आरोपी होणे, असे जगभर समीकरण झाले.

गंमत अशी की खुद्द न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली ठसे घेतले गेले ते सरकारी नोकरीच्या उमेदवारांचे. एकाच्या नावावर दुसराच हुशार माणूस परीक्षेला बसू नये म्हणून डॉ. हेन्री डी फॉरेस्ट यांनी ती व्यवस्था केली. तोतया परीक्षार्थींच्या बातम्या आजही वाचणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

आता वॉल स्ट्रीट. शेअर म्हणजे छापील कागद, हे आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना आठवत असेल. आपल्याकडे १९९६ नंतर डिमॅट आले, तोवर ती सर्टिफिकेटे कपाटात विमा पॉलिसीशेजारी असत. अमेरिकेतही तेच होते, फक्त ढीग अफाट. १९२९ च्या पडझडीत एका दिवसात १ कोटी ६४ लाख शेअरांची उलाढाल झाली होती. तो उच्चांक १९६८ च्या एप्रिलमध्ये मोडला. कागद हातानेच मोजायचे, हातानेच पोहोचवायचे. काम इतके तुंबले की त्या वर्षाच्या उत्तरार्धात बाजार दर बुधवारी बंद ठेवून कारकून मागचे निस्तरत बसत. घाईघाईने माणसे भरली, कोण कुठून आला हे पाहायला सवड नव्हती. सर्टिफिकेटे चोरीला जाऊ लागली. १९७१ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे जी सुनावणी झाली तिच्यात या चोऱ्यांमागे संघटित टोळ्या असल्याचे उघड झाले. चोरलेला रोखा बँकेत तारण ठेवून कर्ज काढायचे, असाही धंदा चाले.

तोवर न्यूयॉर्क राज्याने १९६९ मध्ये शेअर बाजारातील नोकरांचे ठसे घेण्याचा कायदा केला होता. कोर्टात गेलेल्या नोकरांचा आक्षेप साधा होता: आम्ही काही केलेले नसताना आमचे ठसे का? कोर्टाने कायदा उचलून धरला, अपिलातही तोच निकाल लागला. हरलेल्यांची बाजू इतिहासात सहसा एका ओळीत संपते, पण त्यांच्या मनातला ठसा कलकत्त्याच्या ठसेघरातला होता, हुगळीच्या पेन्शनरांचा नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे.

१९७५ च्या दुरुस्तीने हे बंधन साऱ्या देशाला लागू झाले आणि पुढच्याच वर्षी सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिथल्या सेबीने, नियम १७एफ-२ काढला. आम्हां दप्तरवाल्यांना रस वाटावा असा भाग इथे आहे. ठसे फक्त कारकुनाचे नाहीत, भागीदार आणि संचालकांचेही घ्यायचे. ते एफबीआयकडे तपासणीला जातात. जो रोखे विकत नाही, ज्याचा रोख्यांशी, पैशांशी किंवा मूळ हिशेबवह्यांशी नित्य संबंध येत नाही आणि जो असे काम करणाऱ्यांचा थेट वरिष्ठही नाही, त्याला सूट मिळू शकते. पण कोणाला सूट दिली आणि का, हे कंपनीने लिहून ठेवायचे. तपासून आलेले कार्ड किंवा त्याऐवजीची नोंद जपायची, आणि माणूस नोकरी सोडून गेल्यावरही किमान तीन वर्षे ठेवायची. सुटीचे कारण लिहिण्याची ही सक्ती आम्हांला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसत्या ओळखीवर कोणाला वगळता येत नाही.

मोठे मासे याने अडकले का? बर्नार्ड मॅडॉफ हा ब्रोकर नॅसडॅक बाजाराचा अध्यक्ष राहिलेला माणूस, आणि त्याचा प्रचंड घोटाळा २००८ च्या डिसेंबरमध्ये बाहेर आला. कार्डावरून कळतो तो मागचा गुन्हा, पुढचा नव्हे.

याच नियमात आणखी एक लहानसे कलम आहे. काहींच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. तीन वेळा ठसे पाठवूनही ते वाचता येत नाहीत म्हणून परत आले, तर त्या माणसाला पुन्हा ठसे द्यावे लागत नाहीत. आपल्याकडे २०१४ पासून पेन्शनरांच्या हयातीचा दाखला यंत्रावर बोट ठेवून काढता येतो. दर नोव्हेंबरात आपल्या मंडळातल्या कितीतरी आजी-आजोबांची बोटे ते यंत्र ओळखत नाही. मग ती पुसून, कोमट पाण्यात बुडवून पुन्हा ठेवली जातात. अशांनी हेलपाटे घालत बसू नये. बँकेत स्वतः जाऊन कागदी दाखल्यावर सही करण्याची जुनी सोय अजून चालू आहे.